बाबांना टीबी आणि शुगर दोन्ही, घरच्यांनी किती करायचं?

ऐरोलीची_लेक
नमस्कार, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या. बाबा ६२ वर्षांचे, रबाळे एमआयडीसीतल्या कंपनीतून रिटायर, शुगर १४ वर्षं. दिवाळीनंतर खोकला हटेना, वजन ६ किलो उतरलं, आम्ही म्हटलं शुगरमुळे असेल, आणि थुंकीत टीबी निघाला. फुप्फुसाचाच आहे, नेहमीच्या औषधांना दाद देणारा. गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले.

औषधाचं ठीक चाललंय, घोळ घरात आहे. आई सगळं करते. गोळ्या पाकिटातून काढून हातावर ठेवते, इन्सुलिन तीच टोचते, ताट वेगळं पेला वेगळा टॉवेल वेगळा, जेवण बेडरूममध्येच, पाच वर्षांचा नातू दारातून हात हलवून जातो. आणि जे बाबा दर महिन्याला लॅबमध्ये एकटे चालत जायचे ते आता "द्याल ते गिळतो" एवढंच बोलतात. परवा आई बदलापूरला मावशीकडे गेली तर त्या दिवशी गोळ्याच घेतल्या नाहीत!! विचारलं तर म्हणे कोणी दिल्याच नाहीत. आईला काही बोलावं तर "मग काय वाऱ्यावर सोडू?" घरच्यांचा आधार हवा हे सगळेच सांगतात, पण कुठवर?

कळवा_स्लो
मला २०१९ ला झालेला. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा मी जाम घाबरलेलो, ते टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे होतं हे कोणी आधी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या महिन्यात एकदम बरं वाटायला लागलं आणि मी गुपचूप गोळ्या टाळायला लागलो, खरी गोची तिथेच होते बरं का, बाबांच्या बाबतीत त्या काळात लक्ष ठेवा. दादाला कळलं, तो ओरडला नाही. म्हणाला रोज रात्री जेवण झालं की तू मला फोन करून सांगायचंस, मी विचारणार नाही. चार दिवस विसरलो, त्याने खरंच विचारलं नाही. पाचव्या दिवशी माझीच मला लाज वाटली.

ताटाचं म्हणाल तर टीबी ताटातून पेल्यातून पसरत नाही हो, हवेतून पसरतो. माझ्या आईनेही माझा चमचा वेगळा ठेवलेला, तो चमचा मला अजून आठवतो.

घणसोली_ताई
मी उपचार घेणाऱ्यांच्या घरी जायचं काम करते म्हणून सांगते. औषध नियमित चालू असलं की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाची भीती बरीच कमी होते, तरी पुढच्या तपासणीत डॉक्टरांना एकदा विचारून घ्या आणि मग बाबांना बाहेर हॉलमध्ये आणा, खिडक्या उघड्या ठेवा. नातवाची तपासणी झाली का? घरातल्या सगळ्यांची व्हायला हवी, आणि टीबी नाही हे नक्की झालं की लहान मुलांना प्रतिबंधाच्या गोळ्या देतात, ते राहू देऊ नका. चुकलेला डोस टीबीच्या सेंटरवर सांगा, लपवू नका.

शुगरचं आणखी एक. रिफाम्पिसिनमुळे ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्यांचा असर कमी होतो, म्हणून खूपदा इन्सुलिनवर आणतात. म्हणजे शुगर वाढली तर ती बाबांची चूक असेलच असं नाही, हे त्यांना कोणीतरी सांगा, नाहीतर माणूस म्हणतो मी एवढं पथ्य करतो काय उपयोग, आणि सोडून देतो. नजर धूसर झाली किंवा रंग ओळखताना गडबड झाली तर लगेच दाखवा, टीबीच्याच एथॅम्ब्युटॉल या औषधाने होऊ शकतं. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला आहारासाठी सरकार देतं ते पैसे खात्यात येतात ना? नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० झालेत, आधी ५०० होते.

पारसिक_बोगदा
सगळे आता 'आत्मविश्वास वाढवा' म्हणणार म्हणून आधीच लिहितो. १४ वर्षांची शुगर आणि त्यात टीबी, माणूस थकलेला असतो, आळशी नसतो. मन खूपच खाली गेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे.

पण आईंना एक गोष्ट नक्की सांगा. मद्रासमध्ये १९५९ साली एक अभ्यास छापून आला, अर्धे पेशंट सॅनेटोरियममध्ये म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात, अर्धे आपापल्या गरीब, दाटीच्या घरात, औषधं तीच. घरातले जवळपास तेवढेच बरे झाले आणि घरच्यांना लागण जास्त झाली असंही दिसलं नाही. म्हणजे बेडरूमचं सॅनेटोरियम करायची गरज ६० वर्षांपूर्वीच संपली.

बाकी बांडुरा म्हणून मानसशास्त्रज्ञ होता, त्याने १९७७ मध्ये मांडलंय की 'मला जमेल' हा भरवसा सगळ्यात पक्का येतो तो स्वतः करून जमलं की. त्यानंतर आपल्यासारख्याच कोणाला जमलेलं बघून. नुसतं कोणी "तुम्हाला जमेल हो" म्हणून येणारा कच्चा, लवकर उतरतो. आईंनी सगळंच करून टाकलं तर बाबांना जमलेलं असं काही उरतच नाही ना. बाय द वे बाबा कंपनीत काय करायचे?

ऐरोलीची_लेक
मशीन शॉपला सुपरवायझर. शिफ्टचं लॉगबुक लिहायचे, त्यांचं अक्षर अख्ख्या प्लांटमध्ये फेमस होतं म्हणे.

पारसिक_बोगदा
मग वही द्या की.

कळवा_स्लो
+१. आणि इन्सुलिन स्वतः टोचायला सेंटरवर शिकवतात. आईंनी बाजूला बसायचं, हात नाही लावायचा.

ऐरोलीची_लेक
बारा दिवसांनी लिहितेय, सॉरी. नातवाची तपासणी झाली, काही नाही निघालं, प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू केल्या. डॉक्टर हो म्हणाल्यावर बाबा हॉलमध्ये जेवतात, आईने वेगळं ताट अजून सोडलं नाहीये, त्यावर आमचं रोज वाजतं. वही दिली तर चार दिवस तशीच पडून होती. मग आई त्यात लिहायला लागली आणि तिने गोळ्यांची वेळ ८ लिहिली, तर बाबा उठून चष्मा लावून म्हणाले ८ नाही, ८.२० ला घेतल्या, खोटी एंट्री करायची नाही. आता पट्टीने रकाने आखलेत. शुगर, गोळ्या, वजन, आणि शेवटचा रकाना 'शेरा', त्यात काल लिहिलंय, सौ. ची ढवळाढवळ.