फ्रेमलॉक एकाच वेळी ढिला आणि चिकट, हे कसं?

अर्धीघडी
मंडळी, एक कोडं आहे. टायटॅनियमच्या मुठीचा फ्रेमलॉक चाकू, म्हणजे मुठीचाच एक चिरलेला पट्टा (लॉकबार) आत सरकून उघड्या पात्याच्या बुडाला अडवतो. लॉकबारच्या टोकाला पोलादी इन्सर्ट, म्हणजे स्क्रूने बसवलेला तुकडा. पूर्ण खोलून साफ केला, ग्रीस लावून परत जोडला, आणि आता दोन तक्रारी आहेत. पातं उघडं असताना पाठीवर दाब दिला की वर-खाली बारीकसं 'टक' होतं. आणि मिटायला गेलं की लॉक सुटत नाही, अंगठ्याला वळ उठेपर्यंत ढकलावा लागतो. ढिला आहे तर अडकतो कसा? आडवं मात्र तसूभर हलत नाही. बॅकलॉककाका 'मी सांगतच होतो' म्हणायला येण्याआधी कुणीतरी कामाचं बोला.

खटकेबाज
आडवं हलत नाही हे सांगितलंस ते बरं केलंस. आडवी हालचाल असती तर पिव्हट (पातं ज्याभोवती फिरतं तो स्क्रू), वॉशर नाहीतर बेअरिंग बघावं लागलं असतं. वर-खाली हालचाल म्हणजे तीनच जागा: स्टॉप पिन (उघडं पातं जिला येऊन थांबतं ती), पात्याच्या बुडाचा लॉकला टेकणारा भाग, आणि लॉकबारचं टोक.

तुझ्या चाकूत दोन वेगळे दोष आहेत, म्हणून कोडं वाटतंय. पहिला संशय इन्सर्टच्या स्क्रूवर. इन्सर्ट केसभर जरी सैल असला तरी दाब आला की तो स्वतःच सरकतो आणि तुला 'टक' ऐकू येतं. दुसरा संशय ग्रीसवर. लॉकच्या तोंडाला, म्हणजे लॉकबार पात्याला टेकतो तिथे, ग्रीस लागलं की घर्षण कमी होतं, लॉकबार नेहमीपेक्षा आत घुसतो आणि पाचरीसारखा रुततो. मग सोडवताना बोंब.

क्रम असा ठेव. आधी इन्सर्टचा स्क्रू बघ, बहुतेक टी६ टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचा असेल. बिट पूर्ण आत बसल्याशिवाय फिरवू नकोस, त्या इवल्या डोक्याचे कोपरे गोल झाले की पुढचं सगळं अवघड. मग लॉकचं तोंड आणि पात्याच्या बुडाची ती तिरकी बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडी पुसून काढ. ग्रीस पिव्हटला आणि वॉशरला, फार तर डिटेंटच्या बॉलच्या (मिटलेलं पातं धरून ठेवणारा बारीक गोळा) वाटेवर पुसटसं. लॉकच्या तोंडाला नाही.

जोडताना सगळे स्क्रू आधी नुसते धरतील एवढेच फिरव, पातं उघडून लॉक बसव, मग मुठीचे स्क्रू आवळ आणि शेवटी पिव्हट. स्टॉप पिन दोन्ही बाजूंच्या खळग्यात पूर्ण बसली आहे ना, हे आवळण्याआधी बघ. ती तिरकी राहिली तर बाकी सगळं करून उपयोग नाही.

बॅकलॉककाका
मी सांगतच होतो.

अर्धीघडी
आले!

बॅकलॉककाका
येणारच. बक ११० चाकू १९६४ पासून तेच बॅकलॉक वापरतोय. पाठीला एक दांडी, मागे स्प्रिंग, पुढे आकडा, तो पात्याच्या बुडाच्या खाचेत पडतो. इन्सर्ट नाही, टायटॅनियम नाही, लॉक सोडताना बोट पात्याच्या वाटेत नाही.

खटकेबाज
आणि त्या खाचेत खिशातला कापूस अडकला की दांडी अर्धवट बसते, वरून बघणाऱ्याला वाटतं लॉक लागलंय. तेही सांगा की काका. शिवाय वर-खाली हालचाल ही बॅकलॉकची जुनीच खोड. दांडी मधल्या पिनवर डोलते, तिथलं भोक किंचित मोठं असलं तरी टोकाला ते दिसतं.

बॅकलॉककाका
खाच दातकोरणीने साफ करायची, एवढंच काम. आणि ती हालचाल नको असेल तर अँड्र्यू डेमकोचं ट्राय-अ‍ॅड लॉक बघ. तेही बॅकलॉकच. पात्याचं बूड आणि दांडी यांच्या मध्ये स्टॉप पिन घातली आहे, भार पिन घेते. झीज झाली की दांडी खाचेत जराशी खाली बसते आणि जागा भरून काढते. फक्त मिटायला अंगठा दणकट हवा.

ओमेगा_स्प्रिंग
तुमचं चालू द्या. मॅकहेन्री आणि विल्यम्स यांचं अ‍ॅक्सिस लॉक १९९८ मध्ये बेंचमेड ७१० चाकूमधून आलं, तेव्हाच हा वाद संपायला हवा होता. आडवी पोलादी दांडी पात्याच्या बुडाच्या उतारावर चढून बसते, झिजली तर थोडी पुढे सरकते. डावखुऱ्यालाही तितकंच सोयीचं.

खटकेबाज
नाव काय घेतलंयस बघ. स्वतःच्या लॉकचा सगळ्यात मोडका भाग! दांडी पुढे ढकलणाऱ्या त्या ओमेगा स्प्रिंगा केसासारख्या बारीक तारेच्या असतात, सतत दांडी मागे ओढून पातं झुलवत राहिलं की कधीतरी तुटतात.

ओमेगा_स्प्रिंग
म्हणूनच दोन असतात. एक तुटली तरी दुसरीवर दांडी काम करते, फक्त एका बाजूने आळशी वाटते. तसं वाटलं की दोन्ही बदलायच्या. आणि खोलताना चाकू पारदर्शक पिशवीत धरायचा, स्प्रिंग उडाली तर खोलीभर रांगावं लागत नाही.

लाकडी_मूठ
ओपिनेल चाकूची फिरती कडी. १९५५. फिरवली, लागलं. चर्चा समाप्त.

बॅकलॉककाका
ओलाव्याने लाकूड फुगलं की पातं दोन्ही हातांनी ओढत बस, मग लाव कडी.

अर्धीघडी
मूळ प्रश्नावर येतो. इन्सर्टचा स्क्रू खरंच सैल निघाला, जवळपास पाव फेरा फिरला. 'टक' गेलं. चिकटपणा कमी झालाय पण आहे. लॉकच्या तोंडावर कानस मारू का? दोन-चार हात?

खटकेबाज
कानस खाली ठेव! ते तोंड साधारण ७ ते ९ अंशांत घासलेलं असतं. कोन कमी झाला तर लॉक आणखी रुतेल, जास्त झाला तर दाबाखाली सटकेल, आणि तुझी बोटं पात्याच्या वाटेत असतील. हाताने मारलेल्या कानशीने तो कोन राखणं जमत नाही.

त्याऐवजी काळ्या मार्करने पात्याच्या बुडाची तिरकी बाजू रंगव, वाळू दे, दहा-बारा वेळा उघडझाप कर. शाई जिथे घासली गेली तिथे लॉक टेकतोय. टेकण्याची जागा पिव्हटपासून लांब, धारेच्या बाजूला खाली हवी. पिव्हटच्या सरळ रेषेजवळ टेकत असेल तर तरफेचा हात तोकडा पडतो, लॉक चांगला असूनही पातं डोलतं. तुझं डोलणं गेलंय, तेव्हा जागा बरोबर असावी, पण बघून घे.

चिकटपणा तेवढाच उरला असेल तर पातं सावकाश उघडून बघ. झटक्याने उघडलं तरच रुतत असेल तर दोष लॉकचा नाही, मनगटाचा. सावकाश उघडूनही रुतत असेल तर तिरक्या बाजूवर मऊ पेन्सिलीचं शिसं फिरव. तात्पुरता इलाज आहे, पण तोवर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना सरावतात. इन्सर्ट नसता, नुसतं टायटॅनियम पोलादावर घासत असतं, तर हा त्रास जास्त झाला असता. टायटॅनियम ओरबाडलं जाऊन चिकटतं.

ओमेगा_स्प्रिंग
आणि लॉक तपासायला पात्याची पाठ टेबलावर आपटू नकोस. तो भार रोजच्या कामात कधीच येत नाही, उगाच लॉकच्या तोंडाला खड्डा पडतो. जाड हातमोजा घाल, बोटं पात्याच्या वाटेबाहेर ठेव, पाठ लाकडाच्या कडेवर टेकवून हळूहळू भार वाढव. लॉकबार सरकतोय का बघ. सरकला तर तो चाकू कापायला घ्यायचा नाही.

अर्धीघडी
सावकाश उघडलं तर सहज सुटतोय. म्हणजे मनगटच. इन्सर्टच्या स्क्रूला थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) कुठला? निळा चालेल?

खटकेबाज
एवढ्या बारीक स्क्रूला जांभळा. निळा धरतो छान, पण पुढच्या वेळी काढताना डोकं जाईल. आटे आधी अल्कोहोलने कोरडे कर, टाचणीच्या टोकाएवढा थेंब, चोवीस तास हात लावू नकोस. पिव्हटला लावणार असशील तर आटे असलेल्या टोकालाच. वॉशरपर्यंत झिरपला तर पातं जागचं हलणार नाही.

बॅकलॉककाका
चोवीस तास चाकूविना? बॅकलॉक पाठवू का उसना?