प्रकाशवर्षाचे किलोमीटर काढताना उत्तर शंभर पट येतंय

प्रश्न:
प्रकाशाचा वेग सेकंदाला ३×१०^५ किमी, वर्षाचे सेकंद ३.१५६×१०^७. कॅल्क्युलेटरवर गुणाकार ९.४७×१०^१४ येतो. पुस्तकात ९.४६×१०^१२ आहे, तर दुसरीकडे ९.४६×१०^१५ दिसलं. खरं कुठलं? आणि प्रकाशवर्ष असताना पार्सेक कशाला?

उत्तर १:
छापलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत, पहिला किमीत आणि दुसरा मीटरमध्ये. घोळ बटणांचा आहे. तुम्ही ‘३ × १० ईएक्सपी ५’ असं दाबलं असणार. ‘गुणिले दहाचा घात’ हे त्या बटणातच आलं, म्हणून फक्त ‘३ ईएक्सपी ५’ दाबायचं. तुमच्या दोन्ही संख्यांत एकेक दहा जास्तीचा शिरला, म्हणून शंभर पट.

पडताळा तोंडी होतो: ५+७=१२. शेवटी ९.४६ हवं असेल तर वेग ३ ऐवजी २.९९८ घ्या.

उत्तर २:
१०^१२ म्हणजे लाख कोटी, म्हणजे प्रकाशवर्ष साधारण ९.४६ लाख कोटी किमी. इंग्रजी आकडे मराठीत आणताना जपा. मिलियन १०^६, कोटी १०^७. देवयानी दीर्घिका २.५ मिलियन, म्हणजे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. अडीच कोटी लिहिलंत की दहापट फुगली.

उत्तर ३:
पार्सेक मोजणीतूनच आलंय. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत सरकलेला दिसतो. पराशय (या सरकण्याचा निम्मा कोन) विकलांमध्ये (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) घ्या, १ ला त्याने भागा, अंतर थेट पार्सेकमध्ये. सूर्याला सर्वात जवळच्या प्रॉक्सिमा ताऱ्याचा पराशय ०.७६८ विकला, म्हणून १.३० पार्सेक, गुणिले ३.२६ केलं की ४.२४ प्रकाशवर्षं. सहा महिन्यांतलं पूर्ण सरकणं मात्र वापरू नका, पराशय त्याच्या निम्मा असतो. नाहीतर तारा निम्म्या अंतरावर येऊन बसेल!

सूर्यमालेत ही दोन्ही एककं गैरसोयीची. तिथे खगोलीय एकक (साधारण पृथ्वी-सूर्य अंतर) बरं: १४,९५,९७,८७०.७ किमी, २०१२ पासून व्याख्येनेच ठरलेलं. नेपच्यून सूर्यापासून सुमारे ३० एककांवर आहे. एका प्रकाशवर्षात अशी ६३,२४१ एककं मावतात.

उत्तर ४:
एक राहिलं. घातांकांची बेरीज गुणाकारात. अंतरांचीच बेरीज असेल तर आधी घात सारखे करा: ४.५×१०^९ + १.५×१०^८ म्हणजे (४.५ + ०.१५)×१०^९, म्हणजेच ४.६५×१०^९.