१७ मार्च, आयर्लंडपासून दूर: तुम्ही पाहिलेला सेंट पॅट्रिक्स डे

बॉस्टन (धागा काढणारी)
मार्च उजाडला की आमच्या इथल्या दुकानांत हिरव्या टोप्यांचे ढीग लागतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, १७ मार्चची सुट्टी आयर्लंडच्या संताची, सेंट पॅट्रिकचीच. पण कागदोपत्री ती निघाली 'इव्हॅक्युएशन डे'ची. १७७६ साली त्या तारखेला ब्रिटिश फौजेने बॉस्टन सोडलं होतं. सुट्टी एकाची, मिरवणूक दुसऱ्याची! परक्या गावात आयरिश मंडळींनी आपला सण कसा रुजवला, हे जवळून पाहिलं असेल तर लिहा. बिअर किती प्यायलात ते नको, प्लीज.

शिकागो
आमच्याकडे नदीच हिरवी करतात, १९६२ पासून. सासूबाई आल्या होत्या त्या वर्षी कठड्याशी तासभर आधी जाऊन उभ्या राहिलो. होडीतून पूड टाकायला लागले, तर ती चक्क शेंदरी! सासूबाई म्हणाल्या, "अगं, चुकले वाटतं हे." पाण्यात पडल्यावर हिरवीगार झाली. हे काम प्लंबरांच्या युनियनकडे असतं. सांडपाणी नदीत कुठून येतंय ते शोधायला ते रंग वापरायचे, त्यातूनच ही कल्पना निघाली. सासूबाईंनी पुण्यात सगळ्यांना सांगितलं, "तिकडे नदी रंगपंचमी खेळते."

न्यूयॉर्क
फिफ्थ ॲव्हेन्यूच्या मिरवणुकीची परंपरा १७६२ पासूनची, म्हणजे अमेरिका देश व्हायच्याही आधीची. चित्ररथ नाहीत, नुसती चालणारी माणसं आणि बॅगपाइप. नंतर सहकाऱ्याकडे जेवायला गेलो. ताटात कॉर्न्ड बीफ, म्हणजे खारवलेलं गोमांस, आणि कोबी. (मी कोबी-बटाट्यावर भागवलं.) आयर्लंडमधल्या कॉर्कहून आलेली त्याची मावशी ताटाकडे बघून म्हणाली, "हे काय? आमच्याकडे कोबीबरोबर बेकन असतं." इथे आलेल्या गरीब आयरिशांना ज्यू खाटकांकडचं कॉर्न्ड बीफ परवडायचं, तेच सणाचं होऊन बसलं.

डब्लिन
मी उलट्या बाजूने लिहितोय, चालेल ना? ही धामधूम मूळची इथलीच असणार अशी माझी समजूत होती. घरमालकीणबाई हसल्या. त्यांच्या लहानपणी हा दिवस चर्चचा, आणि पब कायद्याने बंद! डब्लिनमधली सरकारी मिरवणूकसुद्धा १९३१ची, न्यूयॉर्कच्या कितीतरी नंतरची.
मी मालवण तालुक्यातला. वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा लिओ वराडकर २०१७ मध्ये इथला पंतप्रधान झाला, आणि पुढच्या मार्चमध्ये व्हाइट हाउसात शॅमरॉकची (आयर्लंडचं चिन्ह असलेल्या तिपानी रोपाची) वाटी देताना टीव्हीवर दिसला. गावच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता: "आपलो माणूस!"

अँटिग्वा
शेजारच्या माँटसेराट बेटावर सतरा मार्चला सुट्टी असते. बोटीने गेलो, तर पासपोर्टवर शॅमरॉकच्या आकाराचा हिरवा शिक्का. पण तिथे हा दिवस दुहेरी आहे. १७६८ साली आयरिश मालक मंडळी सणात गुंग असतील, म्हणून गुलामांनी त्याच दिवशी उठाव ठरवला होता. कट फुटला, फाशी झाली. त्यांचीही आठवण काढतात. दुपारी गोट वॉटर, म्हणजे मटणाचा पातळ झणझणीत रस्सा, ओरपला. पुन्हा जाणार.

बर्मिंगहॅम
वरची धमाल वाचली. आमच्या गल्लीतली गोष्ट जरा वेगळी आहे. शेजारचे आजोबा आयर्लंडच्या मेयो परगण्यातले, तरुणपणी बांधकामावर मजुरीला आलेले. नोव्हेंबर १९७४ मध्ये इथल्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं गेली, आणि राग सगळ्याच आयरिशांवर निघाला. त्यानंतर इथली मिरवणूक बंद पडली ती थेट १९९६ पर्यंत. आजोबा सांगायचे, त्या काळात बसमध्ये ते तोंडच उघडत नसत, कारण बोललं की उच्चारावरून ओळखू येई. कामावर जाताना कोटाला शॅमरॉक लावायचीही सोय नव्हती. बहीण मात्र दरवर्षी पोस्टाने छोट्या डबीत तो पाठवायची. ते घरातच लावून बसत.
मी त्यांना आमच्या दसऱ्याच्या आपट्याच्या पानांबद्दल सांगितलं. आई पाकिटातून पाठवायची, इथे पोचेपर्यंत पानं तपकिरी व्हायची. आजोबांनी विचारलं, "मग फेकून द्यायचीस?" म्हटलं, नाही, देव्हाऱ्यात ठेवते. तर उठले आणि कपाटातून एक पुस्तक काढून आणलं. पानापानांत वाळलेले शॅमरॉक, प्रत्येकाखाली पेन्सिलीने साल लिहिलेलं.