मदत हवी आहे: अडुळशाच्या काढ्याचं प्रमाण (जरा लवकर)

घाटावरचा (रात्री ८.५०)
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येतो. मुलांना सर्दी-खोकला झालाय. आई गावाहून येताना पिशवीभर अडुळसा घेऊन आलीय. पानं उकळायची, मध घालायचा आणि पाजायचं, असं तिचं म्हणणं. किती पानं आणि किती पाणी विचारलं की "अंदाजानं". मला अंदाज नकोय. पानं किती, पाणी किती, किती आटवायचं, दिवसातून कितीदा, एवढंच हवंय. बाळगुटीचं सामान आणि भीमसेनी कापूरही आणलाय, ते जोडीला चालेल का?
जुने धागे चाळले, तिथे चौथ्या प्रतिसादापासून राजकारण सुरू होतं. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. बायको ट्रेनिंगसाठी बंगळुरात आहे, तिला उगाच ताण द्यायचा नाहीये.

केळफूल
मुलं केवढी आहेत?

रत्नांग्रीकर
सात-आठ पानं, दोन भांडी पाणी, आटवून अर्धं भांडं करायचं. त्यात गवती चहा, आल्याचा तुकडा, चार मिरी, तुळस. शेवटी गूळ. गरम गरम प्यायचं आणि गोधडीत शिरायचं. आमच्या चार पिढ्या ह्यावरच वाढल्या, डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही.

सहाणखोड
अडुळसा उकळतात कशाला? पान धुवायचं, तव्यावर मऊ पडेपर्यंत गरम करायचं, कुटायचं आणि फडक्यातून पिळायचं. कच्च्या पानाचा रस निघता निघत नाही, गरम केलं की सुटतो. हा रस मधातून. काढा हा आळशी माणसाचा प्रकार.

रत्नांग्रीकर
आळशी कोण ते सकाळी विहिरीवर या, दाखवतो.

केळफूल
@घाटावरचा, वय?

घाटावरचा
लहानच आहेत. प्रश्न पानांचा आहे. एक जण आठ पानं सांगतो, दुसरा काढाच नको म्हणतो. नक्की काय करू? आई स्वयंपाकघरात पातेलं घेऊन उभी आहे.

तिरकी_मात्रा
"लहानच" म्हणजे? माझी आई मलाही लहानच म्हणते, पुढच्या वर्षी पन्नाशी.

माजघर
बाळगुटीचं मी सांगते. वेखंड, सुंठ, हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, खारीक, बदाम. प्रत्येकाचे वेढे (सहाणेवर उगाळायचे फेरे) ठरलेले असतात. सुंठ-वेखंडाचा एखादाच वेढा, खारीक-बदामाचे जास्त. जायफळ जपून, नाहीतर मूल दिवसभर पेंगतं. सहाण नुसती पुसून ठेवू नका. उकळत्या पाण्यानं धुवा, काड्याही धुऊन उन्हात वाळवा. आमच्या शेजारणीनं कालची उगाळलेली गुटी आज पाजली आणि बाळाला जुलाब सुरू झाले, नाव मात्र दातांवर गेलं.
सर्दीला टाळू भरा आणि आंघोळीनंतर शेगडीवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपेची धुरी द्या. छाती मोकळी होते.

बालरोगवाला
माजघर, सहाण धुण्याचं एकदम बरोबर, पण धुरी नको. खोकणाऱ्या मुलाच्या नाकाशी धूर नेला तर श्वासनळ्या आणखी आकसतात. धूर ओव्याचा असो नाहीतर विडीचा, फुफ्फुसाला सारखाच.
@घाटावरचा, बालरोगतज्ज्ञ आहे. इथून मुलांना तपासता येत नाही, पण एवढं तरी सांगा: वय, ताप, खोकला कधीपासून, दूध-जेवण नेहमीसारखं आहे का, लघवी होतेय का. त्याशिवाय पानाचा आकडा सांगणं म्हणजे हवेत गोळी.

घाटावरचा
बरं. थोरला पाच वर्षांचा, धाकटी नऊ महिन्यांची. थोरल्यानं शाळेतून आणलं, तिला परवापासून. थोरल्याला ताप नाही, उड्या मारतोय. तिला काल ताप होता, आज अंग कोमट. दूध कमी पितेय, नाक चोंदलंय म्हणून असेल. आता पानं?

केळफूल
नऊ महिने!! आणि हे चार तास "लहानच".

बालरोगवाला
धाकटीला मध अजिबात नाही. बोटावरून चाटवायचाही नाही. मधात क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. आपल्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करू शकतात. आधी बद्धकोष्ठता, मग दूध ओढायची ताकद कमी, मान लुळी. दुर्मीळ आहे, पण झालं तर व्हेंटिलेटरपर्यंत जातं. काढ्यात घालून उकळला तरी बीजाणू मरत नाहीत.
कापूर दोघांच्याही हाताला लागणार नाही असा ठेवा. पोटात गेला तर थोड्या वेळात आकडी येऊ शकते, लहान तुकडासुद्धा पुरतो. छातीला चोळायचे कापरावाले बामही दोन वर्षांखाली नकोत.

सहाणखोड
आमच्याकडे जन्मल्या जन्मल्या सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवतात. सगळे जिवंत आहेत.

तिरकी_मात्रा
जे जिवंत आहेत तेच इथे प्रतिसाद देतात हो.

वैद्य_ओसरीवरचे
चर्चा भलतीकडे जाण्याआधी दोन शब्द. अडुळसा हे गंमत म्हणून घ्यायचं पान नाही. त्यातल्या व्हॅसिसिन नावाच्या घटकावरून ब्रोमहेक्सिन हे औषध बनवलं गेलं आणि शरीरात ब्रोमहेक्सिनचंच अँब्रोक्सॉल होतं. कफ पातळ करणाऱ्या निम्म्या बाटल्यांवर ही नावं असतात. म्हणजे औषध आहे, आणि औषध म्हटलं की मात्रा आली. जास्त झालं की उलटी-जुलाब होतात. नऊ महिन्यांच्या बाळाला घरच्या घरी अडुळसा देऊ नका, मीसुद्धा न बघता देत नाही. चार महिन्यांची गरोदर बाई "मुलासोबत मीपण घेते" म्हणाली तर तिलाही नको, गर्भाशयावर परिणाम होतो.

रत्नांग्रीकर
गरोदर बाई कुठून आली मध्येच?

वैद्य_ओसरीवरचे
दवाखान्यात येतात हो. विचारत नाहीत, घेऊन झाल्यावर सांगतात.

नळस्टॉप
एवढा काथ्याकूट कशाला? मेडिकलमधून सिरप आणा, मोजायला टोपण असतं, विषय संपला.

केळफूल
@नळस्टॉप, २०२५च्या ऑक्टोबरमधलं छिंदवाडा विसरलात? खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. मुलांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं, कित्येकांना उपचाराला नागपूरला आणलं होतं. २०२२ मध्ये गांबियातही तेच.

सहाणखोड
म्हणूनच म्हणतो, निसर्गाकडे चला.

बालरोगवाला
ते सिरप वाईट निघालं म्हणून कापूर चांगला ठरत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच: आत काय आहे आणि किती आहे. त्याच महिन्यात केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयानं सांगितलंय की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाचाखाली सहसा नकोतच. क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिन या सर्दीच्या औषधांच्या मिश्रणावर तर २०२३ मध्येच चार वर्षांखाली मनाई आली. तेव्हा नळस्टॉप, टोपण असतं हे मान्य, पण ते उचलायचंच नाहीये.

ओल्या_पायाची
माझ्या मुलाला मी ओव्याचं पान देते, बाल्कनीतल्या कुंडीत आहे. पाच मिनिटांत खोकला थांबतो.

रत्नांग्रीकर
ते जाड, केसाळ पान ना? तो ओवा नव्हे, पानओवा. ओव्याचे दाणे येतात ते झाड कोथिंबिरीच्या कुळातलं, पानं बडीशेपेसारखी बारीक. हे तुळशीच्या कुळातलं. भजी मात्र झकास होतात.

ओल्या_पायाची
म्हणजे दहा वर्षं मी मुलांना काय चारतेय?

रत्नांग्रीकर
भज्यांचं झाड. काही बिघडत नाही.

तिरकी_मात्रा
धाग्याचा काश्मीर व्हायला आता दोनच प्रतिसाद कमी. चहा ठेवलाय.

बालरोगवाला
@घाटावरचा, गप्पांमध्ये हे हरवू नये. धाकटी शांत असताना, शक्यतो झोपेत, झबलं वर करून पोट उघडं ठेवा. मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, बाळांचा श्वास एकसारखा नसतो. पोट एकदा वर-खाली झालं की एक. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त म्हणजे जलद. एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त. बरगड्यांखालचा भाग दर श्वासाला आत ओढला जातोय का तेही बघा. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला (मेडिकलमध्ये तयार मिळतात), मग दूध. तेल-तूप नाकात नको, ते फुफ्फुसात उतरलं तर निघत नाही.

सहाणखोड
नाकात तूप नको? नस्य माहीतच नाही वाटतं तुम्हाला.

वैद्य_ओसरीवरचे
मला माहीत आहे. नऊ महिन्यांच्या बाळाला सर्दी असताना नस्य करत नाहीत. ग्रंथ अर्धा वाचून भांडू नये.

घाटावरचा (रात्री १.०५)
मोजले. पहिल्यांदा चुळबुळत होती म्हणून पुन्हा. झोपेत ५६, मग ५८. बरगड्यांखाली खळगा पडतोय, म्हणजे आत ओढलं जातंय असं म्हणतात तेच का? आई म्हणते दात येताना होतं.

बालरोगवाला
तेच. दातांनी श्वास वाढत नाही. आत्ता निघा, सकाळची वाट बघू नका. जाताना कडेवर उभी धरा, जबरदस्तीनं काही पाजू नका. काय काय दिलंय ते तिथे स्पष्ट सांगा, गुटीसकट.

केळफूल
जा रे दादा. आणि बायकोला फोन कर, ट्रेनिंग काय होतच राहील.

माजघर
थोरला आजीजवळ राहू दे. पातेलं उतरवायला सांगा त्यांना.

डिंकाचा_लाडू
आत्ताच धागा वाचला. थंडीआधीपासून डिंक, खारीक, अळीव यांचे लाडू सुरू केले की मुलांना सर्दी होतच नाही. कृती हवी असल्यास टाकते. डिंक तुपात फुलवताना आच मंद ठेवायची, नाहीतर आतून कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो.

तिरकी_मात्रा
नऊ महिन्यांची आहे, दात कुठले.

डिंकाचा_लाडू
आईला खायला सांगते हो मी. दुधातून उतरतं.

नळस्टॉप
रात्री दीड वाजता लाडू. धन्य आहे.

घाटावरचा (दुसऱ्या दिवशी संध्याकाळी)
रात्री फोन बघायला झालं नाही. ब्रॉन्किओलायटिस म्हणाले. विषाणूमुळे होतो, छोट्या श्वासनळ्या सुजतात, अँटिबायोटिक नाही दिलं. ऑक्सिजन थोडा कमी भरला म्हणून ठेवून घेतलंय. नाकाला नळी आहे, ती उपटायचा कार्यक्रम दिवसभर चालू आहे. दूध थोडं थोडं घेतेय. डॉक्टर म्हणाले खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळू शकतो, घाबरायचं नाही. बायको सकाळच्या विमानानं आली. माझ्याशी बोलत नाहीये, तो वेगळा धागा होईल.
आता थोरल्याचं सांगा. त्याला रात्री खोकल्यानं झोप नाही, बाकी ठणठणीत. आई अजून अडुळशावर ठाम आहे.

बालरोगवाला
छान वेळेत गेलात. थोरल्याला झोपताना अर्धा चमचा नुसता मध. दोन ते पाच वर्षांना अर्धा चमचा, सहा ते अकरा वर्षांना एक, असा मुलांवर अभ्यास झालेला आहे आणि रात्रीचा खोकला त्यानं कमी होतो. मग दात घासायचे. पातेल्याची वाफ नको. दर हिवाळ्यात पातेलं अंगावर ओढून भाजलेली दोन-चार मुलं येतातच. न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून त्याला घेऊन बसलात तर चालेल.

सहाणखोड
म्हणजे शेवटी मधच! आमचंच औषध.

बालरोगवाला
हो, तुमचंच. वर्षानंतर.

वैद्य_ओसरीवरचे
थोरल्याला सितोपलादी चूर्ण मधातून चिमूटभर चालतं. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन (बांबूच्या आत मिळणारा पांढरा पदार्थ) ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. पण घरी कुटत बसू नका, वंशलोचन खरं मिळत नाही. चिमूट किती ते जवळच्या वैद्याला मुलगा दाखवून विचारा. आईंचा मान राखायचा असेल तर अडुळशाची दोन पानं, वर सांगितलंय तसा गरम करून पिळलेला रस, चहाचा पाव चमचा, मधातून, एक वेळ. उलटी झाली तर बंद.

घाटावरचा
दोन पानं, पाव चमचा, एक वेळ. अहो हेच काल विचारलं होतं.

केळफूल
काल नऊ महिन्यांची कुठे सांगितली होतीस?

घाटावरचा
आईला वाचून दाखवलं. "पाव चमच्यानं काय होतंय" म्हणाली, पण पाव चमचाच दिला. त्यानं थुंकला आणि मध तेवढा मागून घेतला. उरलेल्या पिशवीभर पानांचं काय करू? फांद्याही आहेत.

रत्नांग्रीकर
फांद्या फेकू नका. वीतभर तुकडे करून कुंडीत खुपसा, सहज लागतात. पांढरी फुलं येतात, मधमाश्या भरपूर. आमच्याकडे बांधावर कुंपणालाच लावलाय, गुरं तोंड लावत नाहीत.

तिरकी_मात्रा
गुरांना कळतं मग.

ओल्या_पायाची
पुण्यात रोप कुठे मिळेल? भज्यांच्या झाडाशेजारी एक कुंडी रिकामी आहे.