ऑक्टाव्हिया आरएस २३० : ऑइल फिल्टर कुठला घालू? (सल्ला हवा)

घाटउतार
मंडळी, नमस्कार.
गेल्या दिवाळीत सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस घेतली. २०१८ ची, २३० पीएसवाली, सध्या ६१ हजार किमी. रोजचं बाणेर-हिंजवडी, महिन्यातून एखादा ताम्हिणी. जानेवारीत मित्रांबरोबर कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर एक दिवस चालवून आलो. सात-आठ फेऱ्या झाल्यावर ऑइलचं तापमान १२४ दाखवत होतं. शहरात कधी १०० च्या वर बघितलं नव्हतं. तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय.

तेलाचं ठरलंय. मॅन्युअलमध्ये फोक्सवॅगनचा ५०२ ०० हा तेलाचा दर्जा आहे, त्या दर्जाचं ५डब्ल्यू-४० आणून ठेवलंय. गाडी अडलीय फिल्टरवर. एक मित्र म्हणतो कंपनीचाच घाल. दुसरा म्हणतो, एवढं मोठं इंजिन, त्याला रेसिंगचा हाय फ्लो पाहिजे, आणि फोटोही पाठवलाय, डोक्यावर नट वेल्ड केलेला डबा. ऑनलाइन बघावं तर दोनशे रुपयांपासून चार हजारांपर्यंत. कुणी खोक्यावर '१० मायक्रॉन' लिहितो, कुणी '९९ टक्के'. काय खरं मानायचं?

पुढे स्टेज १ रिमॅपचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवायचा) विचार आहे, त्यासोबत ओपन (बंद डब्याशिवायचा) एअर फिल्टर बसवून झालाय. हसू नका.

टॅपेटतात्या
हसलो.
तो नटवाला डबा तुमच्या गाडीला लागणारच नाही. तुमच्या इंजिनात डबा नाही, कागदाचं काडतूस आहे. वर, पुढच्या अंगाला काळं प्लास्टिकचं झाकण दिसेल, त्याच्या आत. मित्राला सांगा, फोटो छान आहे.

पांढरा_रस्सा
तात्या, एका वाक्यात चार हजार वाचवले की पावण्याचे!

घाटउतार
म्हणजे रेसिंग फिल्टरचा विषयच संपला? की काडतुसातही भारी-हलकं असतं?

मेघा_चाकण
असतं. आणि बरंच असतं. मी चार वर्षं फिल्टरच्या टेस्ट रिगवर काढली आहेत (कंपनीचं नाव नको), त्यामुळे थोडं लांबेल.

आधी मायक्रॉनचं (मिलिमीटरचा हजारावा भाग). नुसतं '१० मायक्रॉन' म्हणजे काहीच नाही. चहाच्या गाळणीतसुद्धा १० मायक्रॉनचे काही कण अडकतातच की! किती अडकतात हे विचारायचं. त्याला बीटा म्हणतात: फिल्टरच्या आधी त्या आकाराचे किती कण मोजले आणि नंतर किती, त्याचं गुणोत्तर. २० मायक्रॉनला बीटा २ म्हणजे निम्मे अडले, निम्मे सुटले. बीटा १०० म्हणजे शंभरातला एक सुटला, ९९ टक्के. त्यामुळे '९९ टक्के' वाचलं की पुढचा प्रश्न 'किती मायक्रॉनला?' आणि '१० मायक्रॉन' वाचलं की 'किती टक्के?'. दोन्ही आकडे आणि सोबत आयएसओ ४५४८-१२ हा चाचणीचा क्रमांक जो छापतो, त्याच्याशी बोलावं. बाकी खोक्यावरचं साहित्य आहे.

ही चाचणी बघायला मजेशीर असते. मुळात अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या मातीपासून केलेली, ठरावीक आकाराची धूळ डब्यातून येते. ती तेलात सतत सोडत राहायची, तेच तेल फिल्टरमधून फिरत राहतं, आणि दोन्ही बाजूंना कण मोजणारी यंत्रं. फिल्टर भरत जातो तसा दाबाचा फरक वाढतो. एका मर्यादेला पोचला की चाचणी बंद, आणि तोवर किती ग्रॅम धूळ पोटात गेली ते मोजायचं. म्हणजे एका फिल्टरकडून तीन गोष्टी मागतोय आपण: बारीक गाळ, जास्त साठव, आणि तेल अडवू नकोस. आजीला पीठ वस्त्रगाळ करताना बघितलं असेल तर कळेल, फडकं जितकं घट्ट तितका वेळ. तेवढ्याच आकारात तिन्ही मिळवायचं तर नुसता कागद पुरत नाही, कागदात कृत्रिम किंवा काचेचे बारीक तंतू मिसळतात. चांगल्या काडतुसाचे पैसे तिथे जातात.

आता 'हाय फ्लो'. तेलपंप गिअरचा असतो. तो एका फेरीत जेवढं तेल ढकलायचं तेवढं ढकलतोच, समोर फिल्टर कुठला आहे हे तो बघत नाही. फिल्टर चोंदला तर बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जातं. कारण घाणेरडं तेल बेअरिंगला चालतं, कोरडं बेअरिंग चालत नाही. थंडीत पहाटे स्टार्ट केल्यावर तेल घट्ट असतं तेव्हाही तो क्षणभर उघडू शकतो. म्हणून ओरिजिनलपेक्षा 'जास्त मोकळा' फिल्टर घालून ताकद वाढत नाही. फार तर गाळणं कमी होतं.

आणि १२४ डिग्रीचा फिल्टरशी काही संबंध नाही. तो तेलाचा आणि कूलरचा विषय. फेऱ्या कमी करा, मधे एक फेरी हळू घ्या.

घाटउतार
मेघाताई, दंडवत. मग नाव सांगून टाका ना एखादं.

मेघा_चाकण
शोरूमचा ओरिजिनल, नाहीतर मान (Mann) किंवा माहले (Mahle) यांचा त्याच पार्ट नंबरशी जुळणारा. कंपन्यांना माल पुरवणारे हेच लोक आहेत. ओरिजिनलचा नंबर ०६एल ११५ ५६२ ने सुरू होतो, पण तुमच्या चेसिस नंबरवरून काउंटरवर खात्री करूनच घ्या. हजाराच्या आसपासची वस्तू आहे, त्यात दोनशे वाचवायला जाऊ नका.

चौथागिअर
ब्रँडवर एवढी चर्चा चाललीय म्हणून माझी कथा.
२०१४, माझी स्विफ्ट. तिला डब्याचा फिल्टर. एका ओळखीच्या गॅरेजात ऑइल बदली केलं, फिल्टर उत्तम, मीच नेऊन दिलेला. दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून परत येताना खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे ऑइलचा लाल दिवा. इंजिन तिथल्या तिथे बंद केलं म्हणून वाचलो. खाली वाकून बघतो तर अर्धी गाडी तेलाने माखलेली. जुन्या फिल्टरचं रबरी पॅकिंग इंजिनालाच चिकटून राहिलं होतं, पोराने न बघता त्यावर नवा फिल्टर चढवला. दोन पॅकिंग एकावर एक, दाब आला की वरचं सरकलं. क्रेनवाल्याने बोगद्याचे पैसे वेगळे लावले.

तेव्हापासून जुना फिल्टर काढला की त्याच्या तोंडावर पॅकिंग आहे का ते बोट फिरवून बघतो. नवीनला तेलाचं बोट, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, बस्स. पाना लावायचा नाही.

टॅपेटतात्या
चौथागिअर यांच्याशी शंभर टक्के सहमत. डबेवाल्यांसाठी अजून एक: आटे बघा. एम २० (म्हणजे २० मिमी) दीडच्या पिचचा फिल्टर आणि पाऊण इंची, इंचाला १६ आटेवाला फिल्टर, डोळ्याला जुळे भाऊ. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. त्या स्टडवर एम २० चा डबा ढिला ढिला चढतो आणि घट्ट बसल्यासारखा वाटतो. हायवेला आटे सोडतो. पार्ट नंबर जुळवल्याशिवाय 'बसतोय ना' म्हणून बसवू नका.

घाटउतार, तुमच्या गाडीचं सांगतो. ३२ चा सॉकेट घ्या. झाकण थोडं सैल करून वर उचला आणि दोन-तीन मिनिटं थांबा, आतलं तेल खाली चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) उतरतं. एकदम उपसलंत तर अख्खं इंजिन न्हाणार. खोक्यात नवी ओरिंग (झाकणाची रबरी कडी) येते, ती टाकायला नसते! जुनी सपाट झालेली असते. बारीक काडीने काढा, खोबणी पुसा, नवीला तेल लावा, त्याच खोबणीत बसवा. झाकण २५ न्यूटनमीटर, टॉर्क पाना नसेल तर मागून आणा. प्लास्टिक आहे, मनगटाची हौस नको. चेंबर प्लास्टिकचा असेल तर खालचा ड्रेन नटही प्लास्टिकचा, तो दर वेळी नवा. तेल ५.७ लिटर.

अवांतर: प्युअरोलेटर या नावाची फोड 'प्युअर ऑइल लेटर' अशी आहे. १९२३ सालची गोष्ट. त्याआधी लोक तेलच पुन्हापुन्हा बदलत.

पांढरा_रस्सा
भावा, ते ओपन एअर फिल्टरचं कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. आमच्या कोल्हापुरात ऊस सुरू झाला की रस्त्यावरचा फुफाटा बघ. ती धूळ इंजिनात जाते कुठून? ऑइल फिल्टरातून न्हवं, वरच्या नाकातून! नाक उघडं टाकायचं आणि पोटात भारी चाळण बसवायची, ह्याला काय अर्थ हाय?

मेघा_चाकण
+१, आणि हे मी लिहायला हवं होतं. तेलाची लॅबमध्ये तपासणी केली आणि सिलिकॉन (धुळीची खूण) वाढलेलं दिसलं की पहिला संशय हवेच्या वाटेवर घेतात. सिलिंडरमधून खाली उतरणारी धूळ ऑइल फिल्टर नंतर गाळेल, पण पिस्टन रिंगवर ती आधीच घासून गेलेली असते. ट्रॅकच्या दिवशी लावा हवं तर. ताम्हिणीला जाताना कंपनीचा बंद डबा परत बसवा.

घाटउतार
कळलं. बंद डबा सुदैवाने टाकला नव्हता, माळ्यावर आहे. ऑइल बदली किती किमीला? शोरूम १५ हजार सांगतं.

टॅपेटतात्या
रिमॅप, ट्रॅक आणि हिंजवडीचं ट्रॅफिक, तिन्ही एका गाडीत? साडेसात हजार. ट्रॅकवरून आलात की आकडा न बघता. आणि जुना फिल्टर कचऱ्यात टाकायच्या आधी फाडून बघा. घड्या कापून पांढऱ्या ताटलीत पसरा, उन्हात न्या. चमचम दिसली तर चुंबक फिरवा. चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं तर अ‍ॅल्युमिनियम किंवा बेअरिंगचा थर, मग मात्र आमच्याशी नाही, चांगल्या मिस्त्रीशी बोला.

घाटउतार
(तीन आठवड्यांनी)
झालं. मानचा घातला, चेसिस नंबरवरून जुळवून. झाकण उचलून तीन मिनिटं थांबलो, तरी हात कोपरापर्यंत काळे.

आतून निघालेला फिल्टर कुठल्या कंपनीचा ते कळायला मार्ग नाही, वर काहीच छापलेलं नव्हतं. आधीच्या मालकाची कृपा. घड्या एकीकडे दाट, एकीकडे विरळ, आणि एका टोकाला कागद चकतीपासून बोटभर सुटलेला. म्हणजे तिथून तेल गाळण्याच्या भानगडीत न पडता सरळ जात होतं. सांगितल्याप्रमाणे कापून पसरला, चुंबक फिरवला, काही चिकटलं नाही. चमचमही नाही. फोटो टाकतोय. डावीकडे वरच्या घडीत तांदळाच्या कणीएवढं काळं काहीतरी आहे, ते कार्बन का?

मेघा_चाकण
नखाने दाबून बघा. कार्बन असेल तर चुरा होईल.

घाटउतार
चुरा नाही झाला, दबून परत वर आलं. रबर आहे. झाकणावरची जुनी ओरिंग कचऱ्यातून काढून बघितली, एका जागी तेवढाच टवका उडालाय.

टॅपेटतात्या
म्हणजे आधीच्याने ती बदललीच नव्हती.