मदत हवी आहे : कन्नड वाचते, थोडं बोलते, पण समोरचा बोलला की डोक्यावरून जातं

शहापूरची :

नमस्कार मंडळी,

मी बेळगावची. शिक्षण सगळं मराठी माध्यमात. एसएसएलसीपर्यंत (म्हणजे दहावीपर्यंत) कन्नड विषय होता आणि मार्कही बरे पडायचे. बसच्या पाट्या, अर्ज, पेपरातले मथळे वाचता येतात. मोडकंतोडकं बोलताही येतं. पण आमच्या गल्लीत सगळे मराठी, आणि बाजारात गेलं की दुकानदार तोंड बघूनच मराठीत सुरू होतो. त्यामुळे आजवर कधी अडलं नाही.

आता काम लागलंय बैलहोंगल तालुक्यातल्या एका गावात, बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात. माणसं येतात, अंगठा लावतात, पैसे काढतात, भरतात, गृहलक्ष्मीचे (कर्नाटक सरकारची बायकांसाठीची योजना) २००० जमा झालेत का ते बघायला सांगतात. बायका आणि वयस्कर शेतकरीच जास्त. मी काही विचारलं तर त्यांना नीट कळतं. उत्तर आलं की माझी पंचाईत. एका दमात बोलतात, त्यातले दोन-तीन शब्द हाती लागतात, तेही 'आधार' आणि 'पासबुक' असलेच. तेच वाक्य कुणी कागदावर लिहून दिलं तर मी वाचून अर्थ सांगेन! म्हणजे शब्द येत नाहीत असं नाही, कानाला ते सापडत नाहीत.

सोबतचा मुलगा तिथलाच आहे, तो असला की निभावतं. तो जेवायला गेला की मी देवाचं नाव घेऊन बसते.

आतापर्यंत केलेले उपाय : मोबाईलवर कन्नड सिनेमे (खाली इंग्रजी ओळी लावून) आणि भाषा शिकवणारं एक ॲप. ॲपमधली बाई 'नानु नाळे बरुत्तेने' (मी उद्या येईन) असं अक्षर न् अक्षर सुटं करून म्हणते. आमच्याकडे असं कुणीही बोलत नाही.

ऐकण्याचा म्हणून वेगळा सराव असतो का? की नुसतं कानावर पडत राहिलं की आपोआप जमतं? घरी आल्यावर अर्धा तास देऊ शकते. आणि हात जोडून विनंती, सीमाप्रश्न इथं आणू नका, त्याचे धागे वर आहेतच.

खानापूरकर :

आपोआप होतं की! कानात हेडफोन न घालता लाल बसनं जा-ये करा. सौंदत्तीला जाणारी गाडी पकडा, यल्लम्माला निघालेल्या बायका पूर्ण रस्ताभर बोलत असतात. आम्ही असंच शिकलो, कुठलाही सराव-बिराव नाही.

घटप्रभा :

खानापूरकर, तुम्ही लहानपणी शिकलात, शेजारची पोरं कन्नड होती म्हणून. मोठ्या माणसाला निव्वळ कानावर पडून फारसं मिळत नाही. जे अजिबात कळत नाही तो नुसता गलका असतो, त्यातून कान काही उचलत नाही. नाहीतर बेळगावात जन्म काढलेल्या प्रत्येकाला कन्नड समजलं असतं.

मी हुक्केरी भागात मराठी मुलांना कन्नड शिकवायचो, आता निवृत्त आहे. शहापूरकर ताई, तुमचं दुखणं मला वर्गात रोज दिसायचं. शाळेत आपण भाषा डोळ्यांनी शिकवतो : धडा, प्रश्नोत्तरं, व्याकरण. कानाचा तास नसतो. त्यात पुस्तकातलं कन्नड एक आणि बैलहोंगलचं दुसरं. पुस्तकात 'मनेयल्लि' (घरात), तोंडी 'मन्याग'. पुस्तकात 'इदे' (आहे), तोंडी 'ऐति'. 'बरुवुदिल्ल'चं (येणार नाही) 'बरंगिल्ल', 'बेड'चं (नको) 'ब्याड', 'हेगे'चं (कसं) 'ह्यांग'. तुमचा कान 'मनेयल्लि'ची वाट बघत थांबलेला असतो आणि तो शब्द येतच नाही. तोवर वाक्य संपतं. हा तुमच्या कानाचा दोष नाही, त्याला चुकीचा माणूस ओळखायला सांगितलाय.

म्हणून आधी एक वही करा. डाव्या बाजूला पुस्तकी रूप, उजव्या बाजूला तिथलं बोलीतलं. त्या मुलाला विचारून भरा. शंभरभर रूपं झाली तरी पुष्कळ.

दुसरं, कान वाक्याच्या शेपटाकडे ठेवा. मराठीसारखंच कन्नडमध्येही क्रियापद शेवटी येतं, आणि कोण, कधी, हो की नाही हे सगळं त्याच्या शेवटच्या तुकड्यात असतं. 'माड्तीनि' म्हणजे मी करतो किंवा करते, 'माड्तान' तो, 'माड्ताळ' ती, 'माड्तार' ते. 'मी', 'तो' हे शब्द बहुधा गाळलेलेच असतात. नवशिका पहिल्या शब्दावर अडकतो, त्याचा अर्थ लावत बसतो आणि नेमका नकार त्याच्या हातून सुटतो.

आता अर्ध्या तासाचं. एक मिनिटाचं बोलणं घ्या, जास्त नको. त्या मुलाला किंवा त्याच्या घरच्या कुणाला सांगा की आज बाजारात काय आणलं ते फोनमध्ये बोलून दे. नेहमीच्या वेगानं, तुमच्यासाठी हळू करून नाही. पहिल्यांदा काहीही न लिहिता ऐका आणि फक्त विषय ओळखा. मग थांबवत थांबवत ऐका आणि कानाला जे येईल ते देवनागरीत उतरवा, शाळेत शुद्धलेखन घालायचे तसं. अर्थ कळो न कळो. रिकाम्या जागा सोडा. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून त्या जागा भरून घ्या. तुम्हाला ऐकू न आलेले बरेचसे शब्द तुम्हाला माहीत असलेलेच निघतील. शेवटी लिहिलेलं समोर ठेवून आवाजाबरोबर स्वतः मोठ्यानं म्हणा. जे तोंडातून त्या वेगानं निघतं ते कानाला लवकर पकडता येतं.

इंग्रजी ओळी मात्र आजच बंद. डोळ्याला सोपं मिळालं की कान झोपी जातो. ओळी लावायच्याच तर कन्नड लिपीतल्या लावा, तुम्हाला वाचता येतं, त्याचा इथं खरा उपयोग आहे.

मलप्रभेकाठी :

सर, तुमची पद्धत चांगली आहे पण काउंटरवर गर्दी उद्याही असणार. मी बैलहोंगल बाजूलाच औषध दुकानात आहे, मूळची चंदगडची. माझा अनुभव असा की गिऱ्हाईक काय बोलणार हे निम्मं आधीच ठरलेलं असतं. तुमच्याकडे माणूस येतो तो पाच-सहा कामांसाठीच ना? प्रत्येक कामाची तिथल्या तोंडची वाक्यं गोळा करा. 'रॊक्क तुंबबेकु' म्हणजे पैसे भरायचेत, 'रॊक्क तॆगीबेकु' म्हणजे काढायचेत. हप्ता 'कंतु', व्याज 'बड्डि', कर्ज 'साल', आणि ठेव तर 'ठेवणि'च. माणूस दारात दिसला की मनात अंदाज बांधायचा, मग कानाला सगळं वाक्य पकडावं लागत नाही, फक्त यातलं कुठलं तेवढं ओळखायचं.

आणि प्रश्न असा विचारा की उत्तर आखूड येईल. 'काय काम आहे' विचारलंत तर जावयापासूनची कथा ऐकावी लागेल! 'तुंबबेकेन्री, तॆगीबेकेन्री?' एवढंच विचारा.

शहापूरची :

सर, मलप्रभेकाठी, दोघांचेही खूप आभार. जावयाची कथा अगदी खरी आहे.

आज एक आजी आल्या होत्या. त्यांचं वाक्य लगेच कानाला आलं तसं लिहून ठेवलं : 'रॊक्क बंदैतेनंतनोडरी'. पहिला आणि शेवटचा शब्द कळला. मधलं काय आहे?

आणि आकड्यांचं काय करू? ८० आणि ९० मला सारखेच ऐकू येतात. रक्कम मी कागदावर लिहून द्यायला सांगते, पण निम्म्या लोकांना लिहिता येत नाही.

दोन्ही घरचा :

ताई, आई माझी सौंदत्तीकडची आणि वडील अनगोळचे, त्यामुळे हे घरचंच. तुमचं वाक्य फोडून देतो :

रॊक्क – बंदैति – एन – अंत – नोडरी
पैसे – आलेत – काय – म्हणून – बघा

आता हे बेळगावच्या मराठीत म्हणून बघा : 'पैसे आलेत काय म्हणून बघा की.' शब्दाला शब्द बसला की नाही? पुण्याचा माणूस म्हणेल 'पैसे आले आहेत का ते बघा'. तुम्ही शाळेतल्या मराठीतून कन्नडकडे जाताय, तो लांबचा रस्ता. आपल्या गल्लीतल्या मराठीतून जा. 'येतो म्हणून सांगितला', 'काय म्हणून विचारला' हे आपण बोलतो त्याचा साचा तिकडचाच आहे. शाळेत बाईंनी ज्यासाठी हातावर पट्टी मारली तेच इथं कामाला येतंय बघा.

तो 'अंत' ओळखायला शिका, प्रत्येक तिसऱ्या वाक्यात असतो आणि आधीच्या शब्दाला चिकटून येतो. तो सापडला की वाक्याचे दोन तुकडे आपोआप पडतात. आधीचा तुकडा म्हणजे कोण काय म्हणालं किंवा काय विचारायचंय, नंतरचा म्हणजे त्याचं काय करायचं.

घटप्रभा :

वा! हे मी वर्गात कधी असं मांडलं नव्हतं. मराठी मुलांचं मराठी 'शुद्ध' करण्याच्या नादात आम्ही हा पूल स्वतःच मोडत होतो.

आकड्यांबद्दल. ९ ऒंबत्तु, ८० ऎंबत्तु, ९० तॊंबत्तु. (ऎ, ऒ म्हणजे तोकडे ए, ओ. मराठीत हा भेद नाही, म्हणून आपला कान त्याकडे लक्षच देत नाही.) ८० आणि ९० मधला फरक फक्त सुरुवातीला आहे, मागचं सगळं सारखं. त्यातून ८९ म्हणजे 'ऎंबत्तॊंबत्तु'. २० आणि ७० चंही तेच, इप्पत्तु आणि ऎप्पत्तु. म्हणजे क्रियापदाला कान शेपटाकडे आणि आकड्याला कान तोंडाकडे, असं उलटं करावं लागतं.

शिवाय मराठीत ४७ म्हणताना सात आधी येतात, सत्तेचाळीस. कन्नडमध्ये चाळीस आधी, नलवत्तेळु. आपण सवयीनं पहिला आवाज एककाचा धरतो आणि घोटाळा होतो.

यावर एकच उपाय. त्या मुलाकडून तीस-चाळीस रकमा उलटसुलट क्रमानं फोनमध्ये बोलून घ्या. बसमध्ये ऐकत थेट आकडे लिहायचे. मराठीत मनात म्हणायचं नाही, कानातून सरळ आकडाच कागदावर. ५०० म्हणजे 'ऐनूरु', २०० 'इन्नूरु', १५०० ला 'ऒंदूवरे साविर' असं बोलतात, तेही त्यात घाला.

तोकड्या-लांब स्वरांची जोडी घरीच म्हणून बघा : 'कॊडु' म्हणजे दे, 'कोडु' म्हणजे शिंग. 'बॆळॆ' म्हणजे पीक, 'बेळॆ' म्हणजे डाळ. यात तुमच्या भागाची एक मेहरबानी आहे. तिकडे डाळीला 'ब्याळि' म्हणतात, त्यामुळे ती तरी पिकाशी गल्लत करत नाही. लांब 'ए'चा असा 'या' बऱ्याच शब्दांत होतो, वहीत त्याचं वेगळं पान ठेवा.

मलप्रभेकाठी :

आणि सराव होईपर्यंत पैशाच्या बाबतीत कानावर विसंबायचंच नाही, कितीही चांगलं ऐकू आलं तरी. रक्कम उलट म्हणून दाखवायची : 'ऎरड् साविर, हौदल्रि?' (दोन हजार, बरोबर ना?) त्याच वेळी कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायचा. लिहिता न येणाऱ्यांनाही नोटांमुळे आकडा ओळखता येतो. शंका आली तर सरळ 'ऎंबत्तो, तॊंबत्तो?' असं विचारा. राग कुणी मानत नाही. पैशाचं दोनदा विचारणारी मुलगी त्यांना उलट बरी वाटते.

पुणेकर :

एवढा खटाटोप कशाला? ग्राहकांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि एखाद्या ॲपमध्ये टाका, लिखित मजकूर मिळतो. मग निवांत वाचा.

दोन्ही घरचा :

साहेब, आमच्या आजीचा आवाज घालून बघितलाय, त्यानं भलतंच काहीतरी छापलं. बेंगळूरचं कन्नड त्याला बरं जमतं. आणि त्यांना वाचता येतंच आहे हो, अडचण ऐकण्याची आहे.

घटप्रभा :

त्याहून महत्त्वाचं, ग्राहकाचं बोलणं त्याला न विचारता रेकॉर्ड करायचं नाही. खाते नंबर, आधार नंबर, घरातली भांडणं, सगळं असतं त्यात. नोकरीवर येईल. सरावासाठी आवाज घ्यायचा तो ओळखीच्या माणसाचा, विचारून, आणि केंद्राबाहेर.

शहापूरची :

नाही, ग्राहकांचं रेकॉर्ड करणार नाही. तो मुलगा तयार झालाय, त्याची आई बोलून देईल म्हणाला.

शेवटचं एक. ऐकायला आणखी काही सुचवाल का? सिनेमे बंद करू का पूर्ण? आणि कळलं नाही की मी 'आं?' म्हणते, ते वाईट दिसतं.

दोन्ही घरचा :

'इन्नॊम्मि हेळ्री' म्हणा, परत एकदा सांगा. आणि 'सावकाश हेळ्री'. सावकाश तिकडेही सावकाशच. मात्र नुसतं 'परत सांगा' म्हटलं की माणूस तेच वाक्य तेवढ्याच वेगानं, फक्त मोठ्यानं म्हणतो. म्हणून जेवढं कळलं तेवढं आधी म्हणून दाखवा, 'रॊक्क... एनंद्री?' (पैसे... काय म्हणालात?) म्हणजे तो उरलेलंच सांगतो.

घटप्रभा :

सिनेमा करमणुकीला बघा, पण बहुतेकांची भाषा बेंगळूर-म्हैसूरकडची असते, तुमच्या आजींची नाही. त्यापेक्षा आकाशवाणी धारवाड लावा, मोबाईलवरही लागते. बातम्या नकोत, त्यांची भाषा पुस्तकी. शेतीचे कार्यक्रम ऐका, ज्यात शेतकरी स्वतः बोलतात. एकच विषय धरून आठवडाभर त्यावरचंच ऐकलंत तर तेच तेच शब्द परत परत येतात आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी कान त्यांना आपसूक पकडतो. बैलहोंगल बाजूला आहात तर कापसापासून सुरू करा. कापूस म्हणजे 'हत्ति', दहा म्हणजे 'हत्तु', आणि घाईत दोन्हींचा शेवट गिळला जातो. कापसाचे भाव ऐकताना मजा येईल.

खानापूरकर :

तरीपण बसमध्ये हेडफोन काढाच.