‘तीन नोड आहेत, आता बॅकअप कशाला?’ म्हणणाऱ्या साहेबांसाठी

विश्रामबागकर
आपल्या सांगली-मिरजेच्या आयटीवाल्यांच्या ग्रुपवर काल एका साहेबांनी ठोकून दिलं: “एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसला ऑलवेज ऑन लावला, तीन मशीनवर एकाच माहितीच्या तीन रेप्लिका (चालू नकला) झाल्या. रात्रीचा बॅकअप बंद केला, सर्व्हर हलका झाला. एक पडला तर दुसरा उभा.” खाली अंगठ्यांची रांग. त्या रांगेनंच माझं डोकं फिरलं.

साहेब, एक मशीन (नोड) मेलं तर क्लस्टर, म्हणजे जोडलेल्या मशीनचा जथा, वाचवेल. माणूस चुकला तर? मी एका साखर कारखान्यात होतो तेव्हाची गोष्ट. ऐन गळीत हंगाम, ऊसबिलं निघायची होती. एका पोराला एकाच गटाचा दर दुरुस्त करायचा होता. त्यानं अपडेट लिहिलं, माऊसनं ओळी निवडून चालवलं आणि कुठल्या गटाला लागू ते सांगणारी खालची ‘व्हेअर’ची ओळ निवडीतून सुटली. पडद्यावर आलं, ‘18,412 रोज अफेक्टेड’, म्हणजे तेवढ्या नोंदी बदलल्या. पोरगं पांढरं पडलं. मी धावत दुसऱ्या नोडवर बघितलं, तिथं तोच दर. तिसऱ्यावर तोच. क्लस्टरनं काम चोख केलेलं, चूक तिन्हीकडं पोचवली! एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, 14 दिवसांत द्यावी लागते, पुढं 15 टक्के व्याज. लगेच लॉग बॅकअप (झालेल्या बदलांच्या नोंदवहीची प्रत) घेतला, पूर्ण बॅकअप आणि त्यावरचे लॉग दुसऱ्या नावानं चढवले, चुकीच्या एक मिनिट आधी थांबवलं, जुने दर तिथून उचलले. बॅकअप बंद असता तर काय उचललं असतं, डोंबल?

कुपवाडचा_रात्रपाळीवाला
ते साहेब म्हणजे मीच. ग्रुपवर बोलायची हिंमत नव्हती वाटतं?

तुमची गोष्ट बॅकअपची नाहीच. पोराच्या हातात प्रॉडक्शनचा पासवर्ड दिलात, त्याची आहे. आमच्याकडं फौंड्री चालते तीन पाळ्यांत. रात्री बॅकअप सुरू झाला की गेटवर चलन निघेना, ट्रक उभे, आणि दोन वाजता मालकाचा फोन मला, तुम्हाला नाही. शिवाय रोज व्हीएमचा (आभासी मशीनचा) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची छबी, आहेच. चूक पसरायची एवढी भीती असेल तर एक कॉपी चार तास मागं ठेवा. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये होतं, मायएसक्यूएलमध्ये 5.6 आवृत्तीपासून होतं.

गणपती_पेठ
पण तुमच्याकडं एसक्यूएल सर्व्हर आहे ना राव? अव्हेलेबिलिटी ग्रुपमध्ये, म्हणजे तुमच्या त्या ऑलवेज ऑनमध्ये, मुद्दाम मागं ठेवायची सोयच नाही. लॉग शिपिंगमध्ये (लॉग दुसऱ्या मशीनवर नेऊन चढवण्यात) आहे, आणि लॉग शिपिंग म्हणजे लॉग बॅकअपच की. दुसरं, अव्हेलेबिलिटी ग्रुपला फुल रिकव्हरी, म्हणजे बॅकअप होईपर्यंत सगळे बदल लॉगमध्ये राखणं, लागतेच. लॉग बॅकअप नसेल तर लॉग फाईल रिकामी होत नाही, फुगतच जाते. डिस्क किती उरलीय बघा आधी.

कुपवाडचा_रात्रपाळीवाला
तेवढं कळतं आम्हाला. लॉग बॅकअप दर 15 मिनिटांनी चालू आहे. फक्त पूर्ण बॅकअप बंद केलाय.

गणपती_पेठ
शेवटचा पूर्ण कधीचा?

कुपवाडचा_रात्रपाळीवाला
मार्च.

गणपती_पेठ
दिवसाला 96 फायली. मार्चपासूनच्या सगळ्या ओळीनं चढवायच्या, मधली एक खराब निघाली की पुढचं सगळं मातीत. बसा मोजत.

अहो, प्रायमरीवर (मुख्य मशीनवर) ताण नको असेल तर पूर्ण बॅकअप सेकंडरीवर (नकलेच्या मशीनवर) घ्या, कॉपी-ओन्ली, म्हणजे नेहमीच्या साखळीला हात न लावणारा. डिफरन्शियल (शेवटच्या पूर्णनंतर बदललेलं तेवढंच) मात्र 2022 पर्यंतच्या आवृत्त्यांत तिथं होत नाही. आणि ‘प्रिफर सेकंडरी’, म्हणजे बॅकअप सेकंडरीवर घ्या ही सेटिंग, ही नुसती सूचना असते. जॉबनं आधी स्वतः विचारायचं असतं, मी पसंतीची रेप्लिका आहे का. तसं विचारलं नाही तर तिन्ही मशीन आपापलं दळण दळत बसतात.

हरभट_रोडवाला
सगळे हुशार. तिन्ही नोड एकाच खोलीत आहेत की नाही, हे कुणी विचारलं?

ऑगस्ट 2019. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या पुढं. आमचे दोन नोड टेबलावर चढवले, टेबल बाकड्यावर चढवलं. सगळं गेलं. बॅकअपची डिस्कसुद्धा त्याच रॅकमध्ये होती! वाचली ती मेव्हण्याच्या कपाटातली, मिरजेला, दीड महिन्यापूर्वीची. मधल्या दीड महिन्याची बिलं दोरीवर चिमटे लावून वाळवली. शाई पसरलेली, आकडा 3 की 8 कळेना, गिऱ्हाइकाला फोन करून विचारायचं. आणि हे सगळं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणवाल्यांच्या कृपेनं.

कृष्णाकाठ
पुन्हा अलमट्टी! पुराचा अभ्यास केलेल्या वडनेरे समितीनं सांगितलंय की अलमट्टीमुळं पूर आला नाही. कोयना 105 टीएमसीची, तिच्यातून कधी आणि किती सोडलं ते बोला. नदीकाठी भराव टाकून प्लॉट पाडले ते बोला.

हरभट_रोडवाला
समितीच्या घरात पाणी शिरलं होतं का? अलमट्टी 519.60 मीटरला असताना ही गत, आता 524 वर न्यायचं चाललंय.

कृष्णाकाठ
2005 लाही हेच, 2021 लाही हेच. दर पुराला शिवी कर्नाटकाला, पाणी ओसरलं की त्याच पूररेषेत नवं दुकान. तुमचं दुकान कुठं आहे आता?

हरभट_रोडवाला
तुम्हाला काय करायचंय? आजोबांच्या वेळेपासून तिथंच आहे. चिखल उपसायला आला होतात?

विश्रामबागकर
धागा बॅकअपचा आहे हो.

हरभट_रोडवाला
पुराचाच आहे. सर्व्हर बुडाले ते काय व्हायरसनं?

कुपवाडचा_रात्रपाळीवाला
बॅकअपची एवढी आरती ओवाळताय, तर गिटलॅबचं, त्या कोड ठेवायच्या साइटचं, आठवा. 31 जानेवारी 2017. चुकीच्या सर्व्हरवरची फोल्डर उडवली, जवळपास 300 जीबी. बॅकअप होते की पाच प्रकारचे! पीजी-डंप (पोस्टग्रेसचं बॅकअप टूल) कित्येक दिवस चालतच नव्हता, 9.6 च्या डेटाबेसला 9.2 चं टूल लावलेलं. शेवटी तारलं ते सहा तासांपूर्वीच्या स्नॅपशॉटनं. मग माझा स्नॅपशॉट वाईट कसा?

विश्रामबागकर
स्नॅपशॉटचा मुद्दा दिला तुम्हाला, फेटा बांधू का? पण तो एका माणसानं योगायोगानं हातानं काढलेला होता. आणि तुमचा स्नॅपशॉट डेटाबेसच्याच स्टोरेजवर आहे ना? पैज लावतो, स्टोरेज एकच आहे. एक काम करा, मार्चपासून रिस्टोअर लावून दाखवा. रविवारची सुट्टी आहेच.

कुपवाडचा_रात्रपाळीवाला
लावतोच. मग अंगठा द्यायला या.

कुपवाडचा_रात्रपाळीवाला
रविवार, रात्री 11:40. स्क्रिप्ट मे महिन्यात अडकली. मधल्या काही फायली जागेवर नाहीत. त्या रात्री फेलओव्हर झालेला (मुख्य मशीन बदललेलं), जॉब दोन नंबरच्या मशीनवर चालला आणि त्याच्या डी ड्राइव्हवर लिहून बसला. तिथं शोधल्या तर 30 दिवसांवरचं साफ करणारी स्क्रिप्ट त्या मशीनवर चालू होती. ती मीच लावली होती.

पूर्ण बॅकअप आत्ता सुरू केलाय, सेकंडरीवर. कोण आधी हसतंय बघतो.

गणपती_पेठ
कॉपी-ओन्ली लावलंय ना?

हरभट_रोडवाला
आणि ठेवताय कुठं? मिरजेत मेव्हणा आहे माझा, कपाट रिकामं आहे.